टोळाच्या डिकीचं माप

टोळ हिरवा होता, बुटका होता आणि दोनच माणसांचा होता. जुनी स्पोर्ट्स कार. मिस्त्रींनी ती भंगारातून उचलून आणली, चार वर्षं तिच्या पोटाखाली पाठ टेकून काढली आणि पुन्हा रस्त्याला लावली. नाव बायकोनं ठेवलं. "रंग टोळाचा, उडी टोळाची, आणि पोटात जागाही टोळाएवढीच," असं ती म्हणायची.

मिस्त्री म्हणजे पत्र्याच्या कारखान्यात तीस वर्षं प्रेस चालवलेला माणूस. बायको कपडे शिवायची. सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, मागच्या शेडमध्ये त्यांचा टोळ, आणि दोघांच्या मधोमध चहाचं पातेलं.

एका मंगळवारी टेलरबाईंना पत्र आलं. डोंगरापलीकडच्या शहरातल्या शिवणशाळेचं. मुलींना बेतायला आणि कापायला शिकवण्यासाठी तीन आठवडे या, म्हणून. वर लिहिलं होतं, 'आदरणीय शिक्षिका'. टेलरबाईंनी पत्र वाचलं, घडी घातली, मशीनच्या खणात ठेवलं. मिस्त्रींनी ते खणातून काढलं आणि शेजारच्या निवृत्त पोस्टमनला वाचून दाखवलं. मग बेकरीवाल्याला. मग पुन्हा पोस्टमनलाच.

"मिस्त्री, आता मला पाठ झालं हो."

"मग म्हणून दाखवा."

जेवताना मिस्त्रींनी जाहीर केलं, "तुला मी नेऊन सोडणार. टोळातून. थेट शाळेच्या दारात."

"आणि सामान?"

"मावेल की."

"कुठं? माझ्या मांडीवर?"

सामान काही थोडं नव्हतं. तीन आठवड्यांचे कपडे, मोठ्या कात्र्यांची पेटी, आणि चाळीस वर्षं जपलेले कागदी नमुने, गुंडाळून झालेली ही एवढी वळकटी. इकडे टोळाच्या डिकीत निम्म्यात स्टेपनी बसलेली आणि उरलेल्या निम्म्यात मिस्त्रींचा 'ढोल'. ढोल म्हणजे त्यांनी स्वतः ठोकलेली स्पीकरची लाकडी पेटी. छप्पर उघडून टोळ पळायला लागला की गाणं वाऱ्यावर जातं, म्हणून ढोल. तो वाजला की पोस्टमनच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या थरथरायच्या, आणि मिस्त्री म्हणायचे, "आवाज जरा कमीच आहे."

"हे बघा," टेलरबाई म्हणाल्या, "शनिवारी सकाळी सगळं सामान डिकीत गेलं तर मी टोळातून येते. नाही गेलं तर सातची बस. त्यावर वाद नको."

मिस्त्रींना बस मुळीच पटेना. बायको एवढ्या मानानं निघायची आणि आपण बसच्या खिडकीखाली उभं राहून हात हलवायचा? शाळेच्या दारात टोळ थांबतोय, मुली पायऱ्यांवर उभ्या आहेत, आपण उतरून तिच्या बाजूचं दार उघडतोय... हे चित्र त्यांनी मनातल्या मनात इतकं घासलं होतं की त्याला आता आरशासारखी लकाकी आली होती.

बुधवारी त्यांनी डिकीच्या झाकणावर बसवायला लोखंडी कॅरियर बनवला. खुणा केल्या. ड्रिल हातात घेतलं. टेलरबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा ते तसेच उभे होते, आणि पाऊण तासानं कप न्यायला गेल्या तेव्हाही.

"काय झालं?"

"काही नाही. बिट बोथट आहे."

बिट नवंकोरं होतं. सात थर रंग दिलेल्या त्या झाकणाला भोक पाडायला मात्र हात होईना. कॅरियर भिंतीवर टांगला गेला.

गुरुवारी लेक आली. तिचं चौकात रेडिओ आणि फोन दुरुस्तीचं दुकान. तिनं डिकीत वाकून बघितलं आणि सरळ सांगून टाकलं, "बाबा, ढोल काढा. निम्मी जागा मोकळी होते. मी दोन छोटे स्पीकर देते."

"ढोल राहणार."

"अहो, पण आईचं सामान..."

"ढोल राहणार म्हणजे राहणार!" मिस्त्रींनी पाना बाकावर आपटला आणि तरातरा बेकरीकडे निघून गेले.

लेक हिरमुसली. "आई, यांना झालंय तरी काय? तुझ्यापेक्षा ती पेटी जास्त झाली?"

टेलरबाई नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. मघाशी लेक बोलत होती तेव्हा ते सगळ्या अंगानं वळले होते, डावा कान पुढे करून. त्यांच्या उजव्या हाताला बसलेलं माणूस दोनदा बोलायचं, हेही बाईंना ठाऊक होतं. प्रेसच्या बाजूचा कान तो.

चाळीस वर्षं त्यांनी माणसांची अंगं मापली. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाच्या पाठीला बाक, कुणाची एक बाजू आजारानं सुकलेली. गिऱ्हाइकाला त्यांनी कधी एका शब्दानं दाखवून दिलं नाही. वहीत बारीकसं टिंब, कापडात बोटभर सूट, आणि गिऱ्हाईक आरशासमोर ताठ उभं. नवऱ्याच्या नावापुढेही असं एक टिंब दोन वर्षांपासून मनात होतं.

त्या उठल्या. मापाची टेप गळ्यात टाकली, खडू कानामागे खोचला. "चल, गिऱ्हाईक बघू."

आणि कमरेपर्यंत डिकीत शिरल्या. आतून गुणगुणणं ऐकू आलं. माप घेताना त्या ओळी जोडत बसत, तसलंच काहीतरी:

कापडा बाई कापडा, तुला कशाची गं घाई
मापाच्या आधी माझी कात्री उघडत नाही

"लिही. उजवा खांदा अठरा, डावा साडेचौदा. कंबर एकीकडे गेलीय. पोट पुढे."

"आई, ती पेट्रोलची टाकी आहे."

"पोटच ते. आणि झाकणाच्या बिजागऱ्या खाली येतात ना, तिथं काख मोकळी सोडायला हवी. नाहीतर ताण बसेल." त्या बाहेर आल्या, केसांना ग्रीस, गालाला खडू. "तुझे बाबा हिला चौकोनी बॅगा घालत होते. हे अंग चौकोनी आहे का? हिच्यासारख्या कितीजणींना मी शिवलंय."

जुन्या तंबूचं कॅनव्हास निघालं. आधी कागद बेतला, डिकीत बसवून बघितला, मग कापड. शुक्रवारी दुपारपर्यंत तीन बॅगा झाल्या. एक तिरकी, टाकीच्या पोटाला टेकून बसणारी. दुसरीला बिजागऱ्यांसाठी काखा. तिसरी बसक्या मडक्यासारखी गोल, स्टेपनीच्या खोलगट चाकात अलगद मावणारी. नमुन्यांच्या वळकटीला सीटच्या मागं झोळी बांधली, तान्ह्या बाळाला बांधावी तशी.

"आणि ढोल?" लेकीनं हळूच विचारलं.

"तो निघणार. तू सीटवरच्या डोक्याच्या उश्या काढून आण. आणि तुझे ते छोटे स्पीकर."

लेकीला कळायला क्षण लागला. मग तिनं टाळी वाजवली. "उशीत! कानापाशीच! मध्ये वारा येणारच नाही. अगं, हे मला कसं सुचलं नाही?"

"तू उश्या शिवत नाहीस म्हणून."

डॅशबोर्डवरचा जुना कॅसेट प्लेअर लेकीनं तसाच ठेवला आणि त्याच्या मागं फोनवरची गाणी उचलणारा छोटा डबा जोडला. तोंड जुनं, गळा नवा. मग ती उशीत स्पीकर बसवायला लागली. "दोन्ही बाजू सारख्याच ना?"

"डावा राहू दे तिथं. उजवा दोन बोटं पुढं घे. आणि त्याचा आवाज जरा चढा ठेव."

"का?"

टेलरबाईंनी दातानं दोरा तोडला. "शिवण तशी बसतेय."

लेकीनं आईकडे बघितलं. मग बाकावर पडलेल्या पान्याकडे. तिच्या हातातलं सोल्डरिंगचं काम थांबलं. "किती दिवसांपासून, आई?"

"तापलीय ना तार? मग जोड."

मिस्त्रींना शुक्रवारभर शेडमध्ये मज्जाव होता. पाच वाजता टेलरबाईंनी त्यांच्या हातात किल्ली दिली. "एक चक्कर मारून या."

त्यांना आधी दिसला तो कोपऱ्यात उभा केलेला ढोल. चेहरा पडला. पण बायकोच्या बोटांवर सुईच्या खुणा दिसल्या आणि ते टोळात जाऊन बसले. छप्पर उघडलं, टोळ कोपऱ्यावरून वळला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. लेक दारात येरझाऱ्या घालायला लागली.

टोळ परत आला. इंजिन बंद झालं, पण मिस्त्री उतरेनात.

"त्या गाण्यात शीळ आहे," ते म्हणाले.

"कुठल्या?"

"आपल्या नेहमीच्या. कडवं संपतं तिथं मागं कुणीतरी शीळ घालतं. तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून आहे ती."

मिस्त्रींनी उशीवरून हात फिरवला. डावीकडे. उजवीकडे. पत्र्यातला केसभर फरक ओळखणारी बोटं ती. "ही बाजू पुढं आलीय."

"शिवण तशी बसली."

"तुझी शिवण," ते सावकाश म्हणाले, "दोन बोटं कधी चुकलीय?"

टेलरबाई सीटवरचे दोऱ्याचे तुकडे वेचत राहिल्या.

शनिवारी सकाळी शेडपुढे ही गर्दी. मिस्त्री जादूगाराच्या तोऱ्यात एकेक बॅग उचलून दाखवत होते. "ही पहिली. बघा, कशी अंग चोरून बसते! ही दुसरी. आणि ह्या गोल बाईसाहेब." झाकण त्यांनी एका बोटानं बंद केलं. टक्. "बोटानं, हं! गुडघा लावलेला नाही."

"कमाल आहे वहिनींची," पोस्टमन म्हणाला. "पण ढोल कुठाय? आमच्या बरण्या वाट बघतायत."

सगळे हसले. टेलरबाई घाईनं म्हणाल्या, "जागा नव्हती म्हणून काढला."

"खोटं सांगतेय ती." मिस्त्रींनी छाती पुढं काढली. "माझा उजवा कान गेलाय. प्रेसनं नेला. ढोल बडवून मी ते लपवत होतो. हिनं ओळखलं, चकार शब्द काढला नाही, माप घेतलं आणि उशीत मला नवा कान शिवून दिला. हा बघा! लावा हात, लावा! तुमच्यात कुणाच्या बायकोनं कान शिवून दिलाय?"

"माझी तर आहेत ते उपटते," बेकरीवाला म्हणाला.

हशा पिकला. टेलरबाई लाजून लाल झाल्या. "झालं, आता गावभर करा."

"करणार. शाळेतही सांगणार."

"तिथं गप्प बसायचं. तिथं मी शिक्षिका आहे."

"आदरणीय," पोस्टमननं दुरुस्ती केली.

मिस्त्रींनी पलीकडे जाऊन तिच्या बाजूचं दार उघडलं. सात वाजून गेले होते. बस कधीच निघून गेली होती.

गाव मागं पडलं. वारा केसांतून पळत होता आणि कानाशी गाणं स्वच्छ वाजत होतं.

"बरं झालं, माझ्या बाजूचा कान शाबूत आहे," टेलरबाई म्हणाल्या.

"जायचाच होता तर हा तरी जायचा."

त्यांच्या दंडाला चिमटा बसला. थोड्या वेळानं मिस्त्रींनी हात पुढं केला आणि गाणं बंद केलं.

"का हो? इतकं केलं त्यासाठी!"

"पहिल्या दिवशी मुलींना काय सांगणार आहेस, ते म्हणून दाखव."

"तुम्हाला कशाला?"

"मी दारात सोडून परत येणार. वर्गात मला कोण घेणार आहे?"

टेलरबाईंनी आजूबाजूला बघितलं, जणू रस्त्यावरची झाडं ऐकतील. मग पाठ ताठ केली, घसा साफ केला. "मुलींनो, आधी सगळ्या नीट बसा पाहू."

मिस्त्री सीटमध्ये नीट बसले. त्यांनी वेग कमी केला. मागची गाडी पुढं गेली, तिच्या मागचीही गेली. त्यांना काही घाई नव्हती.