ग्रहाच्या आधीचा उजेड

शहागंजात दुकानांची शटरं वर जायला लागली की रूपाच्या खोलीत रात्र व्हायची. खिडकीचे पडदे ओढायचे आणि लॅपटॉप उघडायचा; तिकडं चिलीतल्या डोंगरावर खरोखरच रात्र असायची. तिथं माणूस नसे. दुर्बीण आपली आपणच छत उघडायची, आपणच वळायची, आणि ज्यानं जेवढा वेळ मागितला तेवढाच वेळ त्याच्या ताऱ्याकडं बघायची.

रूपाच्या ताऱ्यापुढून एक ग्रह जायचा. तो दिसायचा नाही. आड आला की ताऱ्याचा उजेड किंचित उतरायचा, इतकंच. तो नेमका कधी येतो हे तिला शोधायचं होतं, कारण त्या वेळेच्या भरवशावर अंतराळातली मोठी दुर्बीण त्याची हवा तपासणार होती.

पहिल्या खेपेला पोरीनं घात केला. स्वभावच भिडस्त! करमाडच्या सार्वजनिक नळावर वाढलेली. घागर भरली की बाजूला व्हायचं, मागं बायका खोळंबल्यात. या दुर्बिणीमागंही जगभरची रांग. म्हणून तिनं ग्रह ताऱ्यापुढं असेल तेवढाच वेळ मागितला. आणि स्क्रीनवर उजेडाची रेघ आली सपाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ग्रह सारा वेळ तिथंच होता. पण आधीचा पुरा उजेडच पाहिला नाही, तर तो उतरला हे कळावं कशावरून? भीड भिकेची बहीण, दुसरं काय! रूपा उशीत तोंड खुपसून रडली.

आता एकच संधी उरली होती. त्यानंतर कित्येक महिने ग्रह येईल तेव्हा त्या डोंगरावर दिवस असणार होता. तिनं तिच्या मार्गदर्शकांना, इंद्रजीत सरांना, फोन लावला.

"सर, दुप्पट वेळ पाहिजे. ग्रह यायच्या आधीचा आणि गेल्यानंतरचाही."

"बाकीच्यांचे तारे राहतील, रूपा."

"राहतील, सर. तरी पाहिजे."

सर हो म्हणाले.

ग्रह यायच्या दिवशी तिची आई मुक्ताबाई करमाडहून आलेली होती. खाली बाजाराचा गलका, खोलीत कुलरची घरघर. स्क्रीनवर ठिपके एका ओळीत उमटत होते. रूपाला वाटलं, आपण तरंगतोय. खाली शहागंज नाही, तो थंड डोंगर आहे, आणि फार लांबून कुणीतरी आपल्या वाटेनं चालत येतंय, त्याला आपली खबरही नाही.

"काहीच व्हईना की गं," मुक्ताबाई म्हणाली. "येळ फुकट चालला का?"

"नाय, माय. हा पुरा उजेड हाय. हाच तर मागून घेतलाय."

चहा निवला. लेकीच्या खांद्यावर मुक्ताबाईचा डोळा लागला. मग एक ठिपका जरासा खाली पडला. चूक असेल, रूपा मनाशी म्हणाली. दुसरा त्याहून खाली. तिसराही.

मुक्ताबाई दचकून जागी झाली. "रूपे, रेघ खाली चालली! बिघडलं का काय?"

"नाय, माय," रूपाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "आला. आला तो."

आणि तो निघून जाईपर्यंतचा, त्यानंतरचाही, सगळा वेळ तिचा होता.