मिरचीच्या पथारीवरचं उड्डाण

यान कसं उडतं, यावरून तौहिद आणि मी दिवाळीपासून भांडत होतो. मंगळावर घडणाऱ्या आमच्या छोट्याशा सिनेमाची गोष्ट माझी आणि उडवायचं काम त्याचं. तो शेतांवर फवारणीचा ड्रोन चालवतो, म्हणून उडण्यातलं सगळं आपल्यालाच कळतं असं त्याला वाटतं. मंगळावर हवा नावालाच, तिथे बुडाखाली आग लावल्याशिवाय काही उठत नाही, असं त्याचं म्हणणं. माझं यान आग ओकत नाही. ते मंगळावरची धूळ पोटात ओढतं, खाली जोरात फेकतं आणि त्या धुळीवरच चढत जातं. लोक हसतील, तो म्हणाला. शेवटी ठरलं, उड्डाण खोटं वाटलं तर माझं यान सिनेमातून बाद. मी हो म्हटलं खरं, पण शाळेपासून वहीच्या मागच्या पानावर मी हेच यान काढत आलेय हो.

आता नंदुरबारात मंगळ शोधायला कुठे जायचं? गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या आहेतच. मैदानभर मिरची वाळत घातलेली, नजर जाईल तिथवर लाल. मंगलामावशींनी त्यांच्या पथारीचा एक कोपरा दिला, मिरचीवर पाय द्यायचा नाही या अटीवर. कामट्यांवर चंदेरी कागद चिकटवून केलेलं यान तौहिदने ड्रोनवर बसवलं. त्याची बहीण सबीहा अंतराळवीर, डोक्यावर हेल्मेट, काच खाली. मी मोबाइल धरला.

आम्ही पडलो पक्के नंदुरबारी. मिरचीचा वास नाकाला इतका सवयीचा, की मिरची म्हणजे ठसका हेच विसरलेलो. एकाच्याही डोक्यात विचार आला नाही, कमालच म्हणायची!

पंखे घुमले आणि सगळी पथारी उठली. बिया, सालं, पूड, लालच लाल! डोळ्यांत आग, नाकात आग. तौहिद शिंकतोय, मी खोकतेय, मावशी पदरात तोंड खुपसून आमच्या खानदानाचा उद्धार करतायत. तौहिदच्या हातातून रिमोट सुटला, तरी ड्रोन आपला वर तरंगतोय. माझं यान पहिल्यांदा उडत होतं आणि मला मेलीला डोळे उघडता येत नव्हते. रडूच आलं, मिरचीचं नव्हे, खरंखुरं. मोबाइल मात्र खाली केला नाही.

बॅटरी संपत आल्यावर ड्रोन आपोआप उतरला. हेल्मेटमुळे सबीहाने एकटीनेच सगळं पाहिलेलं. ती नुसत्या उड्या मारत होती. मी मोबाइल तौहिदच्या हातात कोंबला. आधी नुसतं लाल वादळ, दुसरं काही दिसेना. माझा जीव टांगणीला. मग त्या लालीतून चंदेरी टोक वर आलं, आणि त्याच्याखाली धूळ उसळत राहिली.

तौहिदने सुजलेले डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "हाई तर धूळवरच उडी ऱ्हायनं."

मंगलामावशी झाडू घेऊन आल्या, तेव्हा आम्ही तिघं त्यांच्या मिरचीवरच नाचत होतो.