गेटबाहेरचे ट्रक

२००४ साली निकिता मेश्राम भंडाऱ्याहून पुण्याला आली आणि नारायण पेठेतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत विक्रीच्या कामाला लागली. मालक शुभंकर केतकर यांनी कारखान्यांतून माल वेळेवर बाहेर पडावा म्हणून एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. मोठमोठ्या साहेबांना ते रोज मेल धाडत. त्यात कंपनीची स्थापना, ध्येय, मिळालेली बक्षिसं, वर जडशी अटॅचमेंट. उत्तर कुणाचंच येत नसे.

"सर, या मेलमध्ये सगळीकडे आपणच आहोत. ते कुठेच नाहीत," निकिता म्हणाली.

"मग तुम्ही लिहा. बघू तरी, भंडाऱ्यात कशी लिहितात."

निकिताने आधी हडपसर गाठलं. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा कारखाना होता. गेटसमोर उभ्या असलेल्या ड्रायव्हरांशी ती बोलली. सकाळी माल भरलेले ट्रक ऊन कललं तरी जागचे हलले नव्हते.

परत येऊन तिने कारखान्याच्या मॅनेजिंग डायरेक्टर सत्यशीला राजेशिर्के यांना मेल लिहिली. विषय दिला, 'आपल्या गेटवर थांबलेले भरलेले ट्रक'. खाली जे पाहिलं ते, मालाचे कागद वेळेत तयार होत नसावेत हा अंदाज आणि थोड्या वेळाच्या भेटीची विनंती. बस्स.

"ही मेल आहे की तार?" शुभंकरांनी विचारलं.

"तार लोक लगेच उघडतात, सर." तिने मेल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'आमच्या गेटवर आपण काय करत होतात?'

शुभंकर हबकले. "झालं! आता माफी मागा."

"कशाबद्दल? रस्ता काही त्यांचा नाही."

तिने लिहिलं, 'आपल्याला आमची गरज आहे का, ते आधी पाहायला आले होते.'

लगेच उत्तर आलं, 'गुरुवारी या.'

गुरुवारी कारखान्यात शुभंकर लॅपटॉप उघडू लागले, तसं सत्यशीलाबाईंनी त्यांना थांबवलं. "तुमचा अंदाज चुकलाय. कागद तयार असतात. तपासणी अडते. प्रत्येक गेटवर तपासनीस एकच, आणि कुठला ट्रक आधी घ्यायचा यातच त्याचा वेळ जातो."

"आमचं सॉफ्टवेअर तेसुद्धा..." शुभंकरांनी सुरुवात केली.

"नाही मॅडम, आज ते तपासणीचं काही करत नाही," निकिता म्हणाली. शुभंकर तिच्याकडे बघतच राहिले. "पण कुठला ट्रक आधी तपासायचा, हे सांगण्याइतकं ते बदलता येईल. एका गेटवर करून दाखवतो. जमलं नाही, तर आम्हीच काढून नेऊ."

सत्यशीलाबाई म्हणाल्या, "रोज ढीगभर मेल येतात. आमच्या गेटपर्यंत कुणी आलं नव्हतं. घ्या एक गेट."

दिवाळीच्या आत त्या गेटवरचे ट्रक जेवणाच्या सुट्टीआधी निघू लागले आणि बाकीच्या गेटांचं कामही मिळालं. शुभंकरांनी जुनी मेल स्वतःच्या हाताने पुसून टाकली. नव्याने आलेल्या मुलांना ते सांगू लागले, "मेल लिहायचीय? मग खुर्चीत काय बसलाय? निघा!"