सारखेच दोन माइक

"दोघांना सारखंच देत जा गं. तसूभर कमीजास्त झालं तर एकमेकांचे गळे धरतील."

आई जाऊन वर्षं लोटली, तरी तिचं हे बोलणं ताईच्या कानातून गेलं नव्हतं. म्हणूनच दुकानात तिने जोडीचा संच मागे सरकवला. एका माइकला लाल कडं, एकाला निळं. दोन्हींचे चॅनल वेगळे, म्हणून जोडीचाच घ्या, असं दुकानदार घसा कोरडा करून सांगत होता. ताईला ऐकू आलं ते फक्त लाल आणि निळं. लाल कुणी घ्यायचा यावरूनच तिच्या दोन भावांत, थोरल्यात नि धाकट्यात, जुंपली असती. तिने एकाच जातीचे, काळे, हाताला जड लागणारे दोन सुटे माइक उचलले.

वायर नको, हे मात्र आधीच ठरलं होतं. गेल्या वर्षी बाबांच्या वाढदिवसाला थोरल्याने माइकची वायर धाकट्याच्या गळ्याभोवती आवळली होती. धाकटा वायरीत अडकून पडला, असं सगळ्यांनी डॉक्टरांना सांगितलं. ताईनेही. तेव्हापासून भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. यंदा बाबांनी एकच मागितलं, डोळे मिटण्याआधी दोघांना एकत्र गाताना ऐकायचंय. ताईने दोन्ही घरी चपला झिजवल्या, तेव्हा कुठे दोघं हो म्हणाले.

वाढदिवशी पाहुणे यायच्या आधी तिने हॉलमध्ये दोन्ही माइकचे रिसीव्हर स्पीकरच्या साउंड मिक्सरला जोडले. एक माइक चालू केला, हॅलो म्हणाली, बंद केला. मग दुसरा. दोन्ही खणखणीत. दोन्ही एकदम लावून पाहावेत, हे काही तिला सुचलं नाही.

पहिलं कडवं थोरल्याचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि स्पीकरमधून नुसती खरखर आली. रिसीव्हरशेजारी उभ्या धाकट्याने सूर लावला, तो मात्र लख्ख. थोरल्याने पुन्हा उचल घेतली, पुन्हा खरखर. याचं स्टेशन काही लागत नाही, असं मामा मागून म्हणाले आणि हशा पिकला.

"माझा आवाज बंद करायला लावलास ना?" थोरला म्हणाला.

"आवाज असावा लागतो आधी," धाकटा म्हणाला.

थोरल्याच्या हातातल्या माइकचा पहिला घाव धाकट्याच्या तोंडावर बसला. लोखंडी जाळी ओठांत घुसली, दात निखळले. धाकटा कोसळला, त्याचा माइक भिंतीवर आपटून फुटला, आणि त्याच क्षणी थोरल्याचा माइक स्वच्छ बोलू लागला. पुढचा प्रत्येक घाव साऱ्या हॉलने स्पीकरमधून ऐकला. कानशिलावर, गालफडावर, पुन्हा कानावर. मध्ये थोरल्याची धाप. धाकट्याचं घशात रक्त भरल्यासारखं गुरगुरणं. बाबांनी दोन्ही हातांनी कान झाकले होते. ताई मध्ये पडली तर कोपराचा फटका बसून टेबलावर जाऊन आदळली. तिघा-चौघांनी थोरल्याला ओढलं, तरी मूठ उघडेना. टेबलाला धरून उठताना ताईला उमगलं, दोन्ही माइक एकाच चॅनलवर होते. एक दुसऱ्याला गिळत होता.

इस्पितळात डॉक्टरांनी धाकट्याचा डावा कान गेला म्हणून सांगितलं. जबडा तारेने बांधला होता. त्याची बायको रडली नाही. तिने ताईचा हात धरला.

"ताई, या वेळी तरी खरं सांगाल?"

"सांगेन. वचन देते."

बाहेर बाकावर थोरला हात बगलेत दाबून बसला होता. त्याने सगळं घोळवून घोळवून सांगितलं. माइक तिनेच आणले, तिनेच लावले, म्हणजे निम्मा दोष तिचा. आपण तुरुंगात गेलो तर बाबा खचतील, मुलं उघड्यावर पडतील.

"पडला म्हण गं, ताई. एवढं कर."

ताईची नजर त्याच्या बगलेत दाबलेल्या हातावर गेली. लहानपणी याच हाताला धरून तिने त्याला शाळेत सोडलं होतं.

"मागच्या वेळी अडकायला वायर तरी होती," ती हळू आवाजात म्हणाली. "माइक चुकले ते माझे, तेही सांगेन. हात तुझा होता."

तिने देवाचं नाव घेतलं, खांद्यावरचा पदर सारखा केला आणि दाराशी बसलेल्या इस्पितळाच्या शिपायाला पोलीस चौकी कुठल्या बाजूला ते विचारलं. मग कठड्याला धरून, दुखरी बरगडी सांभाळत, ती जिना उतरू लागली.