नळीत अडकलेलं प्रथिन

पेशींच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. कुठल्या पेशीवर कुठली साखळी आहे हे कळायला त्या साखळीला नेमकं ओळखून धरणारं प्रथिन लागतं. ते जीवाणूंकडून बनवून घ्यायचं, शुद्ध करायचं आणि वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना द्यायचं, हे माझं काम. डॉक्टर कुप्या नेतात. मी कोण हे विचारायला त्यांना सवड नसते. त्यापेक्षा जीवाणू बरे, निदान सकाळी माझी वाट तरी बघतात.

या वेळी साहेबांनी बजावलं होतं, "आता नाही जमलं तर तयार विकत घेऊ आणि हा विभाग बंद करू." हे कळल्याबरोबर ताईने तिच्या घरातली मागची खोली माझ्यासाठी रिकामी केली.

"एकटीनं किती दिवस भिंतींशी बोलणार? होऊ दे बंद. ये इकडे."

खरं सांगायचं तर मलाही जावंसं वाटत होतं.

जुनी नळी फुटली होती, म्हणून शेवटच्या शुद्धीकरणाला प्रथिन नव्या नळीत सोडलं. आतल्या बारीक मण्यांमधून ते वाट काढत खाली यायला हवं. आलंच नाही. प्रथिन बाहेर पडलं की वर चढणारी यंत्रावरची रेघ सपाटच राहिली. मी यंत्रावर चरफडले, स्वतःवर चरफडले आणि प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत स्टुलावर बसून राहिले. साहेबांना एवढंच कळवायचं होतं की नाही जमलं. ताईकडच्या मागच्या खोलीला पडदे कुठले लावायचे, इथपर्यंत माझी मजल गेली.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. हे नवे मणी समुद्रातल्या शेवाळापासून केलेले, म्हणजे साखरेचेच, आणि तेही माझं प्रथिन धरतं त्याच साखरेचे. ते हरवलं नव्हतं, मण्यांना चिकटून बसलं होतं.

नळी तशीच फेकून दिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण हात ऐकेनात. दुधातल्या साखरेतही तीच साखर असते, ती पाण्यात विरघळवून वरून सोडली. ही सुटी साखर मिळाली की प्रथिन मण्यांना सोडतं. सोडलं त्याने. रेघ सरसर वर चढली. मी एकटीच मोठ्याने हसले, आणि कुणाला तरी सांगावं म्हणून ताईलाच फोन लावला.

"ताई, सापडलं. नळीतच होतं."

"बरं झालं." ती म्हणाली, "म्हणजे तू येत नाहीस."

"नाही."

"मग त्या खोलीत यांचं टेबल परत ठेवते. जेवलीस का?"

जेवले म्हणून सांगितलं. थंड खोलीत रडलं की डोळे फार झोंबतात, म्हणून आधी कुप्या भरल्या आणि मग बाहेर येऊन रडले.