सगळ्यांचा एकच फोटो

बाईंनी माउस टेबलावर दोनदा आपटला, तरी पडद्यावरच्या फोटोत त्यांच्याच नाकाखाली उगवलेली मिशी जाईना. पुसली की पुन्हा उगवत होती, आणि दर वेळी आधीपेक्षा झुपकेदार.

"मिशी कोण काढतंय?"

"आम्ही नाही बाई! आम्ही फक्त आभाळ निळं करतोय."

"ते तुम्ही होय? आम्ही मघापासून गुलाबी करतोय, तर आपलं परत निळं!"

"आणि माझ्या डोक्यावर शिंगं कोणी लावली?"

संगणकाच्या खोलीत नुसता गोंधळ माजला होता. एकेका मशीनवर तिघं-तिघं, खुर्च्या मात्र दोन-दोनच, त्यामुळे तिसरा कायम कोणाच्या तरी मांडीवर. फोटो सजवायची ती साइट फुकट होती, म्हणजे एका खात्यापुरती फुकट. बाईंनी आपल्या नावाने खातं उघडलं, सगळ्या मशीनवर तेच चालू करून दिलं, वर्गाचा ग्रुप फोटो समोर ठेवला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आधी प्रत काढा, मग बदल करा.' प्रत एकानेही काढली नाही. सगळ्या टोळ्या मूळ फोटोवरच तुटून पडल्या, आणि एकाने केलेला बदल बाकीच्यांच्या पडद्यावर उमटत राहिला. एकाच पातेल्यात सगळ्यांनी आपापल्या अंदाजाने मीठ टाकावं, तशी त्या फोटोची गत झाली. हे ध्यानात येईपर्यंत निम्मा तास सरला होता.

एरवी बाई हसल्याही असत्या. पण आज तास संपायच्या आत हाच फोटो मोठ्या बाईंकडे जायचा होता. शाळेच्या माहितीपत्रकाचं पहिलं पान त्याच्यासाठी रिकामं ठेवलं होतं आणि छापखान्याचा माणूस ऑफिसात येऊन बसला होता. बाईंची नेमणूक या वर्षापुरतीच होती. पुढच्या वर्षी त्या इथे असणार की नाही, हे मोठ्या बाईंच्या हातात होतं. आणि दुसरा फोटो नव्हता. फोन भरला म्हणून काल संध्याकाळी, साइटवर चढवल्या चढवल्या, त्यांनी तो फोनमधून पुसून टाकला होता. म्हणतात ना, अति घाई संकटात नेई.

"बाई, मी सापडत नाहीये."

नवी त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी होती. ती वर्षाच्या मध्यात शाळेत आली, त्याला आता बरेच महिने झाले होते, पण वर्गाने पाडलेलं 'नवी' हे नाव काही जुनं झालं नव्हतं.

"मघापासून शोधतेय. मागच्या रांगेत, अगदी कडेला होते मी."

"नेट हळू आहे," बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "फोटो पूर्ण उघडला नसेल. जागेवर बस."

नेट हळू असतं तर मिशी एवढ्या झपाट्याने उगवली नसती. नवी मान खाली घालून वळली, जाऊन बसली.

शेवटी वकील मदतीला आला. हा मुलगा प्रत्येक गोष्टीत 'पण बाई' म्हणून हुज्जत घालायचा, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं.

"पण बाई, वर कोपऱ्यात उलटा बाण आहे बघा. तो दाबला की शेवटचा बदल रद्द होतो. दाबत दाबत मागे जायचं."

बाईंनी बाण दाबला. एक शिंग गेलं, आणि तेवढ्यात कोणीतरी दोन लावली.

"हात वर!" बाई ओरडल्या. "सगळ्यांचे!"

"दोन्ही, बाई?"

"दोन्ही! माउसला जो हात लावेल, तो दाराबाहेर जाईल. आणि ज्याची खोडी दिसेल, त्याने गुपचूप उभं राहायचं."

सगळे हात वर गेले. बाई खुर्चीत पुढे सरकल्या आणि बाण दाबू लागल्या. गुलाबी आभाळ निळं झालं, मग पुन्हा गुलाबी, मग होतं तसं मळकट. शिंगं गेली. शिपाईमामांच्या डोक्यावरचा मुकुट गेला. दर बदलाला बाई विचारत, "हे कोणाचं?" आणि कोणीतरी हात वर ठेवूनच उभं राही. मिशी गेली तेव्हा वकील उठला. खोडी उलटी जाताना पाहण्यात मुलांना ती करण्याहून जास्त मजा येत होती. बाईंच्या रागाला मात्र आता चांगली धार चढली होती. कारटी! इथे माझा जीव टांगणीला, आणि यांना शिंगं सुचतायत!

"बाई, झालं! थांबा!"

फोटो तासाच्या सुरुवातीला होता तसा झाला होता. पण रागाच्या भरात बाण आणखी एकदा दाबला गेला.

फोटो उजवीकडे रुंद झाला. भिंतीचा तुकडा आला, एक कुंडी आली, आणि मागच्या रांगेच्या टोकाला नवी आली. सगळ्या निळ्या गणवेशांत तिचा एकटीचा पिवळा स्वेटर. ती शाळेत आली त्याच आठवड्यातला हा फोटो, गणवेश तेव्हा तिला मिळायचा होता. फोटोत ती सगळे दात दाखवून हसत होती.

"सगळी निळ्यात आणि कडेला हे पिवळं," मोठ्या बाई काल म्हणाल्या होत्या. "बघा काहीतरी." बाईंनी बघितलं होतं. कापलं ते कायमचं गेलं, अशी त्यांची समजूत होती. बाणाने मुलांचे बदल जपले होते, तसा त्यांचाही जपला होता.

"अरे, नवी सापडली!" वर्गाने आरोळी ठोकली. मग कोणीतरी विचारलं, "पण हिला कापलं कोणी?"

सगळ्यांच्या माना वकिलाकडे वळल्या.

"आईशप्पथ, मी नाही! मिशी माझी. हे नाही माझं."

"खोटारडा! हा उभाच आहे बघा, बाई."

"मिशीसाठी उभा आहे मी!" वकिलाचे कान लाल झाले. त्याचे डोळे भरून आले. "बाई, तुम्ही सांगा ना यांना."

बाईंना एकच शब्द बोलायचा होता. त्यांनी तोंड उघडलं.

"शांतता राखा," त्या म्हणाल्या. त्यांची त्यांनाच लाज वाटली.

नवी पडद्याकडे बघतच नव्हती. ती बाईंकडे बघत होती, बराच वेळ. मग तिने हात खाली घेतले आणि उभी राहिली.

"त्याने नाही कापलं. मीच कापलं. माझे डोळे मिटले होते."

सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं. डोळे टक्क उघडे होते.

"उघडे आहेत की गं!"

"मला मिटल्यासारखे वाटले," नवी म्हणाली.

वर्ग खो खो हसला. वकिलाने बाहीने नाक पुसलं. तेवढ्यात शिपाईमामा दारात आले.

"बाई, मोठ्या बाई विचारतायत, फोटो झाला का? छापखान्यावाला निघालाय."

नवी टेबलापाशी आली. हळूच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने तिने विचारलं, "बाई, परत कापू का? येतं मला आता."

बाईंनी माउस स्वतःकडे ओढून घेतला.

"नको," त्या म्हणाल्या. तिचा हात त्यांनी क्षणभर धरला, मग होता तसा, कुंडी आणि स्वेटरसकट, फोटो मोठ्या बाईंना पाठवून दिला. "गेला म्हणावं, मामा."

मामा गेले. मुलं अजून हात वर करून बाईंकडे बघत होती.

"बसा सगळे. तूही बस गं."

सगळे बसले, नवीही बसली. मग खुर्ची मागे सारून बाई उभ्या राहिल्या.

"बाई," वकिलाने विचारलं, "तुम्ही का उभ्या?"