पऱ्यावर विचारायची रीत

आमच्या पऱ्यावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, धुणं धुता धुता कुणीही काहीही विचारावं, पण रीतीनं. चारचौघींसमोर विचारावं, आपण आधी काय काय करून बघितलं ते सांगावं, आणि तोच प्रश्न घेऊन दारोदार हिंडू नये. ही रीत माझ्या सासूची. पुढं मी राखली. मी तिसरी शिकलेली, पण भाताचं काही अडलं की गाव मलाच विचारी, ते उगाच नाही.

सदुसष्ट साली सोसायटीत पांढरं खत नवं नवं आलं. त्याच पावसाळ्यात सखाची नवी बायको कोंडी पऱ्यावर आली. घाटावरची पोर, बाजरीच्या मुलखातली. राब भाजून भाताचं रोप करतात, हेही तिनं इथंच पाहिलं. सखा साजगावच्या कारखान्यात, म्हणून त्यांच्या एकुलत्या एका खाचराचं रोप हिच्या गळ्यात. सासूनं बजावलेलं, "रोप मेलं तर म्हायेरची वाट धर."

"काकी, रोप पिवळं पडलंय. काय करू?"

"पिवळं म्हंजे कसं गं? शेंडा का बूड? पाणी किती हाय? तू काय केलंस त्याला?"

ती गडबडली. "काय न्हाय केलं."

"काईच नाय?"

"देवाशप्पथ न्हाय."

पारूबाईचं धुणं आपटायचं थांबलं. अंबूबाई गालात हसली. कारण मला सकाळीच कळलं होतं. ही बया आधी पारूबाईकडे गेली, तिनं राख सांगितली, हिनं टाकली. मग अंबूबाईकडे गेली, तिनं पांढरं खत सांगितलं, तेही टाकलं. दोघींना एकमेकींचं सांगितलं नाही. आणि आता माझ्यासमोर कोऱ्या तोंडानं उभी.

बांध फोडून पाणी सोडून दे आणि खताला हात लावू नको, एवढं सांगितलं असतं तर रोप वाचलं असतं. पण जिनं जेवढं सांगितलं, तिला तेवढ्यापुरतं उत्तर.

"काईच केलं नसलंस तर पांढरं खत मार. सढळ हातानं."

ती माझ्या पाया पडली. पारूबाई काही बोलणार होती, तिला मी नजरेनंच गप्प केलं.

चार दिवसांत रोप करपलं. शेंडे तांबडे, मुळं काळी. नव्यानं पेरावं तर दिवस उरले नव्हते.

कोंडी माझ्या दारात आली. आता मात्र सगळं नीट सांगितलं. राख कधी, खत किती मुठी, माझ्या सांगण्यावरून पुन्हा किती. मग म्हणाली, "काकी, म्या आधीच खत टाकलंय, हे तुमास्नी तवा ठावं व्हतं का?"

"दारात नाय इचारायचं. पऱ्यावर इचार, समद्यांम्होरं."

मला वाटलं, येणार नाही. दुसऱ्या दिवशी आली. सगळ्या बायका होत्या. तिनं शब्दन् शब्द तेच विचारलं.

"ठाव व्हतं," मी म्हणाले.

पारूबाई पिळलेलं लुगडं पुन्हा पिळत बसली.

"मग सांगितलं का न्हाय?"

"तू खरं कुठं सांगितलंस? लबाड बोललीस ती बोललीस, आन् आता मलाच जाब इचारतेस?" मी बायकांकडे वळले. "माझ्या राबात रोप उरलंय. कुनाला कमी पडलं असंल तर न्या गं."

अंबूबाईनं मागितलं, तिला दिलं. कोंडीचा हात अर्धा वर आला होता. तो मी पाहिला, आणि पाण्यात धुणं बुडवलं.

माझ्या लावणीला बाया कमी होत्या. कोंडी कासोटा घालून न बोलावता आली. तिचं खाचर रिकामं, घरी बसून करणार काय! दिवसभर वाकून माझं रोप लावलं. घाटावरची असून ओळ सरळ होती. मी म्हटलं, "हात चांगला हाय तुझा." तिनं मान वर केली नाही.

लावणी सरली तशी कोंडीच्या सासूनं तिचं बोचकं दारात ठेवलं. सखा साजगावला पाळीवर होता. त्याला रविवारी कळलं.